वेबसाइटचा वेगळा संसार

"म्हणजे आता स्पेलिंग सुधारलं तरी सगळ्या टेस्ट धावणार नाहीत ना?" टीममधल्या नव्या मुलीने विचारलं. पवईच्या ऑफिसात आज आमच्या लायब्ररीची (इतरांनी वापरायच्या तयार कोडची) माहिती देणारी वेबसाइट कोडच्या रेपोतून, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेतून, वेगळ्या रेपोत हलवली, त्यावरून.

काम सरळ होतं. गिट फिल्टर-रेपो या टूलने वेबसाइटचं फोल्डर इतिहासासकट वेगळं निघतं. कमिटचे, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचे, हॅश (ओळख-क्रमांक) तेवढे बदलतात, म्हणून ते क्लोनवर, म्हणजे रेपोच्या कॉपीवर, करायचं. मूळ रेपोचा इतिहास तसाच ठेवायचा, नाहीतर जुन्या लिंक मेल्याच.

मग तिनेच विचारलं, "पण सर, कोडमधलं फंक्शन बदललं की वेबसाइटवरची त्याची माहिती कोण बदलणार?"

कांजूरमार्गला लोकलमध्ये घुसताना तेच डोक्यात. आधी कोड आणि डॉक्युमेंटेशन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून रेपोत घ्या, या विनंतीत) यायचं. माहिती नसली की रिव्ह्यू करणारा अडवायचा. आता दोन पुल रिक्वेस्ट, आणि दुसरी कायम "उद्या टाकतो".

रिअ‍ॅक्ट या प्रसिद्ध लायब्ररीनेही २०१७ मध्ये वेबसाइट वेगळ्या रेपोत नेली. गूगल बहुतेक कोड एकाच रेपोत ठेवतं. दोघांचंही बरं चाललंय. (त्यांच्याकडे माणसं आहेत म्हणा.) मला विचाराल तर लायब्ररी छोटी असेल तोवर एकत्रच बरं. पण मीटिंगमध्ये ऐकतंय कोण?

तुमच्याकडे ती दुसरी पुल रिक्वेस्ट आठवणीने कोण टाकतं?