मॉडेल रेल्वेचं टेबल किती उंच हवं?

टेबलाची नव्हे, रुळाची उंची आधी ठरवा. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. साधारण साडेपाच फुटी माणसाचं हे माप 100 ते 105 सेंटिमीटर भरतं. रूळ त्याहून पाचेक सेंटिमीटर वर ठेवला की गाडी छान बाजूने दिसते आणि हातही आरामात चालतो. बसून चालवायचं असेल तर 75 पुरे.

उंची वाढली की हाताची पोच कमी होते. रूळ 110 सेंटिमीटरवर असताना 60 सेंटिमीटरपलीकडे सांधा (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा भाग) बदलायला गेलात तर बाही सिग्नलला अडकणारच. टेबल भिंतीला लागून असेल तर रुंदी तेवढीच ठेवा.

कोकण रेल्वे उभारायची तर दरीचा हिशेब आधी करा. रत्नागिरीजवळचा पानवल पूल 64 मीटर उंच आहे. 1:87 मापात, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मॉडेलमध्ये, तो जवळपास 74 सेंटिमीटर होतो! रूळ 110 वर असेल तर दरीचा तळ 36 वर येतो. म्हणून त्या भागात सलग प्लाय नको, उघडी चौकट हवी. 1:160 या आणखी लहान मापात 40 सेंटिमीटरमध्ये भागतं.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर लाकडी पाय टोकाकडून पाणी शोषतात, फुगतात आणि टेबल डुगडुगतं. प्रत्येक पायाखाली 10 मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस बोल्ट बसवा. साधा लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत गंजून जाम होतो. बोल्ट फिरवून दोनतीन सेंटिमीटर उंची जुळवता येते. प्लाय मरीनच घ्या, कापलेल्या कडांनाही वॉर्निश द्या.