जुने सिनेट सभागृह: वॉशिंग्टनमधील एक सकाळ

कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीची, नेहमीची मोफत सफर घुमटाखालच्या गोल दालनातून पुतळ्यांच्या दालनाकडे जाते. जुने सिनेट सभागृह, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ गृहाची पूर्वीची जागा, तिच्यात असेलच असे नाही, म्हणून आत शिरताच ते त्या दिवशी खुले आहे का, हे माहितीकक्षात विचारावे. आम्ही विचारले नसते, तर ज्यासाठी आलो तेच राहून गेले असते.

सभागृह अपेक्षेपेक्षा लहान आहे. 1850च्या आरंभी येथे 30 राज्यांचे 60 सदस्य बसत. 15 राज्ये गुलामगिरीची, 15 तिच्याविना. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी, यावर हा तोल मोडण्याच्या बेतात होता. 4 मार्चला गुलामगिरीचे समर्थक, आजारी सदस्य कॅल्हून यांचे भाषण व्हर्जिनियाचे सदस्य मेसन यांनी वाचले आणि स्वतः कॅल्हून बसून ऐकत होते. एप्रिलमध्ये मिसिसिपीचे सदस्य फूट यांनी मिझुरीचे सदस्य बेंटन यांच्यावर पिस्तूल रोखले. बाकांमधली अडचण पाहिल्यावर हा प्रसंग किती जवळून घडला असेल, ते कळते.

हा वाद मिटवण्यासाठी केंटकीचे सदस्य हेन्री क्ले यांनी आणलेले एकत्रित विधेयक जुलैमध्ये कोसळले. मग इलिनॉयचे सदस्य स्टीफन डग्लस यांनी त्याचे तुकडे केले आणि कॅलिफोर्निया मुक्त राज्य, टेक्ससची सीमा, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा असे एकेक विधेयक निरनिराळ्या बहुमतांनी सप्टेंबरपर्यंत संमत करून घेतले. सगळ्यांना होकार देणारे सदस्य मोजकेच होते. इतिहासात हिला 1850ची तडजोड म्हणतात, पण मला तरी तसे म्हणणे जड जाते. याच सभागृहात 22 मे 1856 रोजी दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी ब्रूक्स यांनी गुलामगिरीविरोधी सदस्य सम्नर यांना काठीने बेदम मारले.

पुतळ्यांच्या दालनात गाईड प्रतिध्वनीची गंमत दाखवतात, त्यात वेळ जातो. ते तेव्हाचे प्रतिनिधिगृह, म्हणजे संसदेचे कनिष्ठ सभागृह होते. 36 अंश 30 मिनिटांच्या अक्षांशरेषेच्या उत्तरेकडील पश्चिम मुलखात, मिझुरी सोडून, गुलामगिरीला बंदी घालणारी 1820ची तडजोड तेथे संमत झाली, आणि ती रद्द करणारे कॅन्सस-नेब्रास्का विधेयकही 1854 मध्ये तेथेच 113 विरुद्ध 100 मतांनी पार पडले. क्ले आणि 1850च्या तडजोडीला पाठिंबा देणारे सिनेट सदस्य वेबस्टर यांचे पुतळे येथेच शोधावेत.

सफरीची वेळ आधी नोंदवावी. रविवारी सफरी नसतात. खाद्यपदार्थ आणि भरलेली पाण्याची बाटली आत नेता येत नाही, रिकामी चालते. कॅपिटॉल साउथ हे मेट्रो स्थानक सोयीचे आहे. परतताना भुयारी वाटेने थेट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयात निघता येते, त्यामुळे सुरक्षा तपासणीची दुसरी रांग आम्हाला लागली नाही.