भीड कुणाची, कुणाला

गुरुवार, रात्री.

इंग्रजीतल्या ‘स्क्रूपल’साठी, म्हणजे गैर काही करण्याआधी मनाला होणाऱ्या अटकावासाठी, मराठी शब्द शोधताना आधी सुचते ती भीड. तिथेच फसगत होते.

भीडेला माणूस लागतो, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. ‘मला मामांची भीड वाटते’ म्हटलं की दडपण आपल्यावर. ‘मामांची कचेरीत भीड आहे’ म्हटलं की तीच भीड वशिला होते. षष्ठी दोन्हीकडे तीच; फरक पडतो तो ‘मला’ की ‘कचेरीत’ यानं. म्हणून ‘भीड घालणे’ म्हणजे लाजणं नव्हे, कुणाचं तरी वजन वापरून गळ घालणं.

क्रियापद चुकलं तर वाक्यच कोसळतं. चेपते ती आपली भीड, मोडते ती दुसऱ्याची. नवी सून महिन्याभरानं मोकळी बोलू लागली की तिची भीड चेपली. पण ‘मामांची भीड मोडवेना म्हणून जामीन राहिलो’ इथे ‘चेपवेना’ चालत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण लागू पडते ती या जामीनदाराला, सुनेला नाही.

हिंदीतून अनुवाद करणाऱ्यांनी तर जपूनच राहावं: तिकडे भीडभाड म्हणजे गर्दी, आपल्याकडे ‘भीडभाड न ठेवता’ म्हणजे तोंडावर. ‘निर्भीड’ही सर्रास ‘निर्भय’च्या जागी खपवतात. सापाला न भिणारा निर्भय. साहेबांना ‘हिशेब चुकलाय’ असं सुनावणारा निर्भीड.

आता स्क्रूपल. लॅटिनमध्ये हा बारीक, टोकदार खडा. तो रिकाम्या खोलीतही टोचतो, भीडेला मात्र समोर कुणीतरी हवं. ‘टोचणी’ जवळची वाटते खरी, पण ती बहुधा करून झाल्यावर लागते, आणि स्क्रूपल करण्याआधी अडवतो. ‘विधिनिषेध’ नेमका आहे, पण व्यवहारात तो नकारातच जगतो: ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ सगळे म्हणतात, ‘त्याला फार विधिनिषेध आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘अनस्क्रूप्युलस’ त्यामुळे सहज सुटतो. मूळ शब्दासाठी नाम सोडून क्रियापदाकडेच वळावं: ‘खोटी पावती फाडायला त्याचं मन धजेना.’