रोज सकाळी शून्यावर येणारा काटा

वाईला माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. धोम धरणाच्या मागच्या अंगाला, थेट जोर गावापर्यंत कामानिमित्त फिरणारे एक ग्रामसेवक गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची जुनी, कार्ब्युरेटरवाली मोटारसायकल घेऊन आले. सकाळी किल्ली फिरवली की पेट्रोलचा काटा शून्यावर असे आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आपोआप अर्ध्यावर येई. पहिला महिनाभर त्यांना रात्री पेट्रोल चोरीला जाते असे वाटले, आणि शेजारच्या एका मुलावर त्यांचा संशयही गेला. पुढे एका ठिकाणी मीटर बदलून झाला, मग टाकीतला फ्लोटही, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भागही, नवा बसवला, तरी काटा होता तसाच. साइड स्टँडवर गाडी कलली की काटा चुकणारच, असे शेवटी त्यांना सांगण्यात आले. कलल्याने काटा थोडा हलतो हे खरे आहे. परंतु अर्धी टाकी भरलेली असताना तो शून्याला टेकावा, एवढा फरक त्याने पडत नाही.

मी नेहमीच्या क्रमाने तपासणी केली. गाडी मेन स्टँडवर घेतली, टाकीखालचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला आणि मीटरकडे जाणाऱ्या बाजूच्या दोन वायर थोडा वेळ एकमेकींना जोडून धरल्या. काटा सावकाश चढत पूर्ण भरल्याच्या खुणेवर गेला. म्हणजे मीटर चालू होता आणि तिथपर्यंतची वायरही धड वाटत होती. मग फ्लोट बाहेर काढून त्याची दांडी खालून वर नेली, तेव्हा विजेचा रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवरचा आकडा शंभर ओहमच्या आसपासपासून दहाच्या आत, मध्ये कुठेही न अडखळता उतरला. दोष सापडेना, आणि दोष न सापडता गाडी परत देणे मला पटत नाही.

सगळे पुन्हा जोडून मी गाडी बाहेर काढली, साइड स्टँडवर लावली, सवयीने हँडल डावीकडे वळवले आणि किल्ली चालूच ठेवून हात पुसत उभा राहिलो. काटा अगदी संथपणे खाली सरकू लागला होता. हँडल सरळ केले, तर तो तितक्याच संथपणे वर आला. खड्ड्यांत पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो; त्यामुळे हँडल वळणे आणि काटा पडणे यांत काही सेकंद जातात आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्यावर वळणे क्षणभराची असतात, रात्री मात्र गाडी हँडल डावीकडे लॉक करून उभी असते.

मग किल्ली बंद करून, मीटरमागचा आणि टाकीखालचा असे दोन्ही कपलर सोडवून मल्टिमीटर बझरवर लावला, म्हणजे वायर सलग असेल तोवर तो वाजत राहतो, आणि टाकीकडून मीटरकडे जाणाऱ्या वायरची दोन टोके धरली. हँडल डावीकडे नेताच आवाज थांबला. हेडलाइटमागे, जिथे वायरिंग चेसीच्या मानेला घासून वळते, तिथली टेप मी ब्लेडने उकलली. वायरचे वरचे आवरण शाबूत होते, पण बोटांत धरल्यावर एका जागी ती पोकळ आणि लिबलिबीत लागली. आवरण चिरताच आतून हिरवट पूड सांडली आणि तांब्याचे तुटलेले तंतू दिसले. हँडल सरळ असले की ती टोके एकमेकांना टेकत, वळवले की सुटत. आणि वायर तुटली की मीटर टाकी रिकामीच समजतो.

खराब भाग कापून नवा तुकडा सोल्डर केला, त्यावर स्लीव्ह चढवली आणि हँडल पूर्ण वळले तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवून वायर बांधली. सामान अगदीच किरकोळ लागले. बदललेले मीटर आणि फ्लोट यांवर त्यांचे झालेले पैसे मात्र मला फार लागले, कारण काढून टाकलेल्या दोन्ही जुन्या वस्तू चांगल्या असणार, याची मला आता खात्री होती.

बझर चालू ठेवून मी त्यांनाच हँडल वळवायला सांगितले. त्यांनी ते दोन्ही टोकांपर्यंत तीन वेळा नेले आणि आवाज एकदाही तुटला नाही. गाडीवर बसताना ते म्हणाले, ‘‘घरी जाण्याआधी त्या पोराकडे जाऊन येतो. महिनाभर मी त्याच्याशी बोललेलो नाही.’’