अठ्ठावन्न नंबर

हजेरी मी नंबराने घेते. "एक?" "हजर बाई." "दोन?" "हजर बाई." पटावर 64 मुलं. नावाने घेतली तर 11 मिनिटं जातात, नंबराने तीन. उरलेली आठ मिनिटं कुठून काढायची, ते प्रशिक्षण द्यायला येणाऱ्या मंडळींनी एकदा वर्गात उभं राहून दाखवावं.

आमची शाळा कात्रजच्या पलीकडे, समाविष्ट गावांपैकी एकात. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली, तोवर आम्ही जिल्हा परिषदेचे. शेतांच्या जागी टॉवर आले, खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, म्हणतो, पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, होते 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि बांधकामावरची मुलं आमच्याकडे येतात दिवाळीनंतर. त्यामुळे हिशोबात ती नसतातच. बाकावर मात्र असतात, दोघांच्या बाकावर तिघं.

त्या सोमवारी शेजारच्या तुकडीच्या बाई मतदारयादीच्या कामाला गेल्या होत्या. (निवडणुकीचं काम कायद्यातच बसवलंय, बोलायची सोय नाही.) त्यांचीही मुलं माझ्याकडे. फळ्याखाली सतरंजीवर इतकी दाटी, की खडू उचलायला वाकले तर कुणाच्या तरी वहीवर पाय.

अशात एक वडील दारात. "म्याडम, पोरीचा दाखला पाह्यजे व्हता." साइट संपली, मुकादम हिंजवडीकडे नेतोय, टेम्पो दुपारी. मुलीचं नाव वैष्णवी.

आमच्याकडे लेखनिक नाही, दाखला वर्गशिक्षकानेच लिहायचा, सही मुख्याध्यापकांची. सर नेहमीप्रमाणे मीटिंगला. सर म्हणजे मीटिंगला जन्मलेला माणूस. वडील आधारची झेरॉक्स आणायला निघाले, तेव्हा मी आपली सवयीने म्हणाले, "हुशार आहे हो मुलगी. अक्षर मोत्यासारखं. कविता तर एकदा ऐकली की पाठ. शाळा बुडवू नका तिची." माणूस इतका फुलला! पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

पोरगी तिथेच उभी. खाली बघत म्हणाली, "बाई, ती वैष्णवी दुसरी. मी अठ्ठावन्न."

माझ्या वर्गात तीन वैष्णवी आहेत. हिच्या चेहऱ्याकडे बघून मला काहीच आठवलं नव्हतं. आणि अठ्ठावन्न म्हटल्याबरोबर सगळं आठवलं. खिडकीकडची तिसरी रांग. हातच्याची वजाबाकी. 503 वजा 178 चं उत्तर 475.

हे 475 येतं कसं, ते सांगायलाच हवं. मूल वरच्यातून खालचा अंक वजा करत नाही, मोठ्यातून लहान करतं. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, पाचातून एक चार. चूक अगदी शिस्तीत केलेली असते, म्हणूनच ती जाता जात नाही. लाल रेघ मारून उपयोग शून्य. काड्यांचे गठ्ठे घेऊन शेजारी बसावं लागतं. शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशकं करायची, त्यातलं एक सोडून दहा सुट्या काड्या. एका मुलामागे वीस मिनिटं. अठ्ठावन्नच्या वहीत मी दोनदा लिहिलं होतं, 'गठ्ठे घेऊन करू'. बसणं काही झालं नव्हतं.

आता टेम्पो दुपारी. मी व्हरांड्यात बसकण मारली आणि काड्यांचा डबा मागवला. आत गोंगाट, तो असू दे म्हटलं. तिने डबा उघडलाच नाही. माझ्या हातातला खडू घेऊन फरशीवर मांडलं आणि उत्तर लिहिलं, 325. शून्यावर नऊ, पाचावर चार, सगळं जागच्या जागी.

"कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच. चाळीस नंबरला सांगत होता ना, तेव्हा मी मागून बघितलं."

चाळीस नंबरला मी ते सांगितलं होतं खरं. त्याला अजून येत नाही.

वडील झेरॉक्स घेऊन आले, पाठोपाठ सरही आले. 'अभ्यासातील प्रगती' या रकान्यात मी आधीच 'चांगली' लिहून ठेवलं होतं. तसंच राहिलं. वडिलांना मघाची चूक सांगावी असं ओठांवर आलं, पण मी पोरीकडे बघितलं. ती दप्तराची चेन लावत होती, मुद्दाम सावकाश. मी गप्प बसले. ते बरोबर केलं की नाही, अजून ठरत नाही. दुसऱ्या कुणाचं कौतुक आपल्या नावावर घेऊन ती पोर गेली आणि तिचं स्वतःचं होतं ते, 325 चं, वडिलांना सांगायचं मला सुचलंच नाही.

मंगळवारी आणि बुधवारी नावाने हजेरी घेतली. बुधवारी गणिताचा तास बुडाला. गुरुवारी पुन्हा नंबर.