रिबोव्हिलेची फिफरडाय: वाजंत्र्यांच्या राजाच्या गावात दोन दिवस

पुण्यात सहा वर्षं पथकात ढोल वाजवलाय, त्यामुळे कुठेही चामड्यावर टिपरू पडलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात आणि नवऱ्याने आता त्यावर बोलणं सोडून दिलंय. तर जर्मनीत कार्ल्सरूहला ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की बॉर्डरच्या पलीकडे फ्रान्सच्या अल्सासमध्ये रिबोव्हिले म्हणून एक छोटंसं गाव आहे, तिथे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बॅगपाईपवाले, ढोलवाले, ड्रॅगन, चेटकिणी, राजेराण्या असा सगळा लवाजमा रस्त्यावर उतरतो, आणि गंमत म्हणजे हा सण, फिफरडाय, मुळात फिरस्त्या वाजंत्र्यांचा आहे, राजाचा किंवा देवाचा नाही. झालं. त्याच रात्री मी जवळच्या कोलमार शहरात रूम शोधायला बसले.

रूमचं आधी सांगते. रिबोव्हिलेत त्या वीकेंडला काहीही मिळत नाही, मिळालंच तर भाव ऐकून परत ऑनलाइन बघायची इच्छा होत नाही. कोलमार किंवा सेलेस्तामध्ये राहा, दोन्हीकडून पंधराएक किलोमीटर आहे. आम्ही जूनमध्ये बुक केलं आणि तरी उशीरच झाला होता.

जर्मनीतून येत असाल तर डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीतल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, या वाटेवर केल या बॉर्डरवरच्या गावापर्यंतच चालतं हे लक्षात ठेवा. केलहून स्ट्रासबुर्गची डी लाईनची ट्राम पकडायची, ती ऱ्हाईनवरच्या पुलावरून जाते, वेगळं तिकीट काढायचं आणि थेट मेन स्टेशनला उतरायचं. तिथून कोलमारला लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. पुढे रिबोव्हिलेला बस. शनिवारी बस मिळते, रविवारी मात्र अगदी मोजक्या असतात, आणि यावरूनच आमची वाट लागली, ते पुढे येतंच.

थोडा इतिहास सांगते, कारण तो माहिती नसेल तर रविवारची मिरवणूक म्हणजे नुसता फॅन्सी ड्रेस वाटतो. मध्ययुगात गावोगाव फिरून वाजवणारा माणूस म्हणजे ना घर ना शेत ना पाठीशी कोणी. लग्नाला तो पाहिजेच, पण लग्न झालं की तो गावाबाहेर गेलेला बरा. तेराव्या शतकात तिकडे सॅक्सनीत कायद्याचं एक पुस्तक लिहिलं गेलं, साक्सेनश्पीगेल नावाचं, त्यात कोणावर अन्याय झाला तर काय भरपाई द्यायची हे ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे दिलंय. आणि वाजंत्र्याला भरपाई काय, तर माणसाची सावली. म्हणजे ज्याने तुला बडवलं त्याची सावली जमिनीवर पडलीये ना, ती घे आणि चालू लाग. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले आणि मग जरा वेळाने हसू गेलं.

अल्सासमधल्या वाजंत्र्यांनी यावर उपाय काढला तो भारी आहे. त्यांनी संघटना केली आणि रिबोव्हिलेच्या सरदाराला आपला पाठीराखा केलं. या घराण्याला फ्रेंचमध्ये रिबोपिएर म्हणतात, जर्मनमध्ये राप्पोल्टस्टाईन. वाजंत्र्यांनी वर्षाला वर्गणी द्यायची, सरदाराने संरक्षण द्यायचं, आणि त्यांच्यातलाच एक जण त्यांचा राजा, फिफरक्योनिग, म्हणजे शब्दशः वाजंत्र्यांचा राजा. वर्षातून एकदा सगळ्यांनी रिबोव्हिलेला जमायचं, ८ सप्टेंबरच्या येशूच्या आईच्या, मेरीच्या, जन्मदिवसाच्या सुमारास, तिथे भांडणं मिटवायची, देणीघेणी करायची, मग खायचं प्यायचं वाजवायचं. संघटनेत नसलेल्याला या भागात वाजवायची बंदी. थोडक्यात वतनदारीच. मला वाचताना नारायणगाव आठवलं, पाडव्याच्या आगेमागे तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, म्हणजे फिरणाऱ्यांनाही वर्षातून एकदा कुठेतरी भेटायला लागतंच. हा सण १३९० पासूनचा मानतात. फ्रेंच क्रांतीत संघटना बुडाली, सण मात्र गावाने धरून ठेवला. आणि जाता जाता, शेवटचा सरदार माक्सिमिलियान योसेफ पुढे १८०६ मध्ये बव्हेरियाचा पहिला राजा झाला, म्हणजे वाजंत्र्यांची वर्गणी खाल्ली ती फुकट गेली नाही.

गावात याची एक गोष्ट पण सांगतात. सरदार घोड्यावरून चाललेला असताना वाटेत एक वाजंत्री रडत बसलेला दिसला, त्याचं वाद्य मोडलं होतं. सरदाराने पैशाची थैली दिली, नवीन घे म्हणाला. मग तो आपल्या सगळ्या सोबत्यांना घेऊन वाजवत वाजवत आभार मानायला आला. खरी असो नसो, वाद्य मोडलं की पोट मोडलं हे त्यात बरोब्बर आलंय.

आता शनिवार. माझा सल्ला ऐका आणि शनिवारी दुपारीच पोचा. बहुतेक लोक फक्त रविवारच्या मिरवणुकीला येतात आणि मग गर्दीत पाठी आणि मोबाईल बघून परत जातात. शनिवारी संध्याकाळी ग्रां रू, म्हणजे गावातला मुख्य रस्ता, तुमचा असतो. मधोमध तूर दे बूशे, खाटकांचा बुरूज, त्याच्या खालून रस्ता जातो, आणि बॅगपाईपवाले मुद्दाम त्या कमानीत उभे राहून वाजवतात कारण आवाज चौपट होतो. माझी सात वर्षांची मुलगी कानावर हात ठेवून नाचत होती. लहान मुलं असतील तर आवाज अडवणारे हेडफोन न्या, सिरीयसली सांगते. हे बॅगपाईप म्हणजे जाहिरातीत दिसतात ते स्कॉटिश नाहीत, उघड्यावर बाजारात वाजवायचे आहेत, आवाज आपल्या ताशासारखा डोक्यात जातो. सोबत शॉम असतं, ती आपल्या सनईची चुलत बहीणच, तशीच फुंकायची दुहेरी पत्ती (रीड), तसाच नाकातला सूर.

पण मला खरं सापडलं ते एका आवारात. मुख्य रस्त्यावरून डावीकडे एक बोळ होता, आत द्राक्षवाल्याचं जुनं घर, आणि पायरीवर एक बाई हर्डीगर्डी घेऊन बसली होती. वाजवत नव्हती, दुरुस्त करत होती. हे वाद्य म्हणजे लाकडी पेटी, त्यात एक चाक, हाताने दांडा फिरवला की चाक तारांवर घासतं, म्हणजे न संपणारा गज म्हणा ना. चाकाला राळ लावतात. आणि तार चाकाला जिथे टेकते तिथे तारेवर कापूस गुंडाळतात! ती बाई चिमटीत कापूस घेऊन तो पिंजत होती, अगदी आपण समईच्या वातीसाठी करतो तसा, पातळ पातळ ओढत, आणि मग चाक हळू फिरवून तारेवर चढवत होती. जास्त झाला तर सूर घोगरा, कमी झाला तर किंचाळतो. तीनदा काढला आणि चौथ्यांदा जमलं. मी शेजारी उकिडवी बसून बघतेय म्हटल्यावर तिने मला दुसरी गंमत दाखवली, एका तारेखाली लाकडाचा छोटा सैल तुकडा असतो, त्याला फ्रेंचमध्ये कुत्रा म्हणतात. मनगटाने दांड्याला झटका दिला की तो तुकडा थरथरतो आणि भुंकल्यासारखा आवाज येतो, तोच ताल. मी तिला तंबोऱ्याची जवारी सांगायचा प्रयत्न केला, तारेखाली दोरा सरकवून सूर खुलवतात वगैरे, माझं फ्रेंच शून्य आणि तिचं जर्मन कामचलाऊ, पण मोबाईलवर तंबोरा ऐकवला तेव्हा तिला पटकन कळलं आणि तिने चाक फिरवून तो षड्ज धरला. नवरा म्हणाला आता आपण इथेच राहणार वाटतं.

तिच्याकडूनच कळलं हे लोक राहतात कसे. ती, नवरा बॅगपाईपवर आणि एक ढोलवाला असे तिघं. वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर वीकेंडला वेगळा किल्ला, वेगळं मध्ययुगीन मार्केट, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड. व्हॅनमध्ये झोपतात. आयोजक ठरलेली रक्कम देतात, ती डिझेल आणि पत्त्या यात जाते, बाकी जे मिळतं ते टोपीत. हिवाळ्यात थोडे ख्रिसमस मार्केट, शिकवण्या आणि वाद्यांची दुरुस्ती. मी विचारलं सगळ्यात मोठा त्रास कुठला, मला वाटलं पैसे म्हणेल, ती म्हणाली पाऊस. ओल आली की पत्ती फुगते, कातडं सैल पडतं, कापूस चिकटतो, तिघांचं तीन सुरात. ढोलाचं मला समजलंच, गणपतीत पाऊस आला की आम्ही प्लास्टिक घेऊन ढोलामागे पळायचो, स्वतः भिजलो तरी चालेल.

आणि इथे माझी फजिती. टोपी फिरली तेव्हा माझ्या पाकिटात कार्ड आणि पन्नासची एक नोट. पन्नास टाकायची हिंमत नव्हती आणि टोपीतून सुट्टे मागायची लाज. म्हणून सांगते, एक दोन युरोची नाणी आणि पाचाच्या नोटा घरूनच घेऊन जा, गावात एटीएमसमोर रांग असते. टोपी फिरली की माना खाली घालून सटकणारे लोक खूप असतात, तसं करू नका.

खाण्याचं पटकन. व्हेज असाल तर तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ कुरकुरीत रोटीवर क्रीम कांदा, पण नेहमीच्यात बेकनचे तुकडे असतात, त्यामुळे ‘सां लार्दों’ हे दोन शब्द पाठ करा आणि दोनदा म्हणा. कुगेलहॉप्फ हा गोल केक गोडच असतो असं समजू नका, खारा पण मिळतो आणि त्यात बेकन असतं, आमच्या शेजारच्या एका गुजराती फॅमिलीला ते तिसऱ्या घासाला कळलं. प्रेत्झेलचंही विचारून घ्या. पाणी कॅरोलाचं, याच गावचं. वाइनसाठी तर लोक येतातच, रविवारी टाऊन हॉलच्या चौकातल्या कारंज्यातून वाइन वाहते, फुकट, आपला पेला जवळ असलेला बरा. नवऱ्याने दोन पेले प्यायले आणि मग त्याला मध्ययुग फार आवडायला लागलं.

रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना ड्यूसेनबाखच्या मेरीच्या देवळात चालत जा. गावापासून डोंगरात साधारण दोन किलोमीटर, जंगलातली वाट, मुलगीही कुरकुर न करता चालली. इथली मेरी ही वाजंत्र्यांची देवी, पहिली छोटी देवळी १२२१ मध्ये बांधली असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा आत चार म्हाताऱ्या, दोन ट्रेकवाले आणि शेवटच्या बाकावर कालच्यातला एक बॅगपाईपवाला, पूर्ण वेशात, पायात मात्र स्पोर्ट शूज. वाद्य मांडीवर, वाजवत नव्हता. मीही मनातल्या मनात हात जोडले, वाजवणाऱ्यांची देवी म्हणजे आपलीही थोडीफार लागतेच की. पायात जोर असेल तर तिथूनच वर किल्ल्यांकडे जाता येतं, तीन आहेत, सां उलरिश सगळ्यात बघण्यासारखा. समोरासमोरच्या दोन किल्ल्यांत दोन भाऊ राहायचे, शिकारीला जायचं तर जो आधी उठेल त्याने दुसऱ्याच्या खिडकीच्या झडपेवर बाण मारून उठवायचं, आणि एका सकाळी झडप उघडायला आणि बाण यायला एकच गाठ पडली अशी दंतकथा आहे. आम्ही खालूनच बघितले, उन्हं चढली होती.

मिरवणूक दुपारी तीनला. रविवारी गावात शिरायला तिकीट लागतं. दरवर्षी एक थीम असते त्यामुळे वाजंत्री आणि दरबारी यांच्यामध्ये ड्रॅगन, राक्षस, शिंग लावलेली पोरं असं काहीही येतं, रथ मोठे आणि कागदी कामही सुरेख. दिसायला छान आहे, नाही म्हणत नाही. पण गर्दी इतकी की मुलीला तास दीड तास खांद्यावर घ्यावं लागलं, आणि पथकं चालत चालत वाजवतात त्यामुळे प्रत्येकाचं अर्ध मिनिट ऐकू येतं. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी मिरवणूक सोडून शनिवार घेईन. रविवारीच यायचं असेल तर रस्त्याच्या वरच्या टोकाला उभे राहा, तिथे गर्दी जरा कमी असते. आणि नवीन बूट घालून जाऊ नका, दगडी फरशी आहे, माझ्या टाचा अजून सांगतील.

आणि बस. मिरवणूक संपल्यावर आम्ही आणखी अर्धा तास, आणखी एक गाणं करत राहिलो, थांब्यावर गेलो तर शेवटची गेलेली, टॅक्सीवाला फोन उचलेना. मुलगी रडकुंडीला. तेवढ्यात गाडीतळावरून एक जुनी पांढरी व्हॅन बाहेर आली आणि खिडकीतून कापूसवाली बाई हात हलवत होती. मागे वाद्यांच्या पेट्यांमध्ये आम्ही तिघं कोंबून बसलो, मुलगी ढोलाच्या खोळीवर झोपून गेली. कोलमार स्टेशनला उतरताना मी पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर तिने नाही म्हणून मान हलवली आणि डॅशबोर्डवरची टोपी पुढे केली. या वेळी पन्नासची नोट टाकली. ती व्हॅन तशीच पुढे स्वित्झर्लंडच्या दिशेने गेली, सोमवारी सकाळी त्यांना बाझलजवळ कोणाच्या तरी शाळेत वाजवायचं होतं.