एका स्टॉपचा पास

पॅरिसच्या विमानतळावर उतरून तास झाला नव्हता, आणि माझ्या फोटोच्या दोन्ही कानांना कात्री लागली होती.

तिथे आठवड्याचा पास 'नाविगो देकुव्हेर्त' नावाच्या कार्डावर मिळतो. त्यावर फोटो चिकटवायचा आणि सही करायची. फोटो नसेल तर तपासनीस ते कार्ड धरतच नाहीत, दंड करतात. कार्डावरची चौकट अडीच बाय तीन सेंटिमीटरची. मी कोल्हापूरहून आपला नेहमीचा पासपोर्टचा फोटो नेला होता, साडेतीन बाय साडेचारचा. खिडकीतल्या बाईंनी तो कार्डावर ठेवून पाहिला, मान हलवली आणि खणातून कात्री काढून काचेखालून माझ्याकडे सरकवली. मग त्यांची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली. त्या हातात कुबडी होती. डाव्या हातानं मी खिडकीची कड धरली होती.

त्या उठल्या, बाजूचं दार उघडून बाहेर आल्या. आत जाऊन एक खुर्ची आणली, मला बसवलं आणि माझ्यासमोर उभ्या राहून फोटो कापायला लागल्या. आधी डावा कान, मग उजवा. केसांपाशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि हनुवटीच्या बाजूनं एक बारीकशी पट्टी काढली. मागे आठ-दहा माणसांची रांग होती. सगळे रात्रीच्या विमानानं आलेले, सगळ्यांच्या हातात बॅगा. कुणी चकार शब्द काढला नाही.

माझ्या डाव्या पायाला मी दीड वर्षांची असताना पोलिओ झाला. कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायचा आधार, आणि कुबडी यांच्यावर माझं सगळं चालतं. शाळेत तीस वर्षं उभी राहून शिकवलं, निवृत्त झाले, आणि ठरवलं की पॅरिस बघायचं. भाची नोकरीसाठी जर्मनीत असते, ती शुक्रवारी येऊन मला भेटणार होती. बुधवार आणि गुरुवार मी एकटी. ज्यांच्याकडून तिकीट आणि हॉटेल घेतलं, त्या ट्रॅव्हलवाल्यांनी सांगितलं होतं, "मॅडम, उतरल्या उतरल्या मेट्रोचा पास घ्या, पॅरिसमध्ये सगळीकडे मेट्रोच." मी कॅलिपर लावते हे त्यांना माहीत होतं. जिन्यांबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

खुर्चीत बसल्या बसल्या मी त्या बाईंना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, माझ्या दिव्यांगत्वाच्या कार्डावर पासात काही सवलत आहे का. नव्हती. ती तिथल्या रहिवाशांसाठी, त्यांच्या सरकारनं दिलेल्या कार्डावर. दुसरी, फक्त बसचा आठवड्याचा पास मिळतो का. तोही नाही. बस, ट्राम, मेट्रो, उपनगरी गाडी सगळं मिळून एकच पास, सोमवार ते रविवार. बुधवारी घेतला तरी रविवारी रात्री संपणार, आणि दर तोच, तेव्हा ३१.६० युरो. वर कार्डाचे ५. सप्टेंबर २०२५ च्या भावानं पावणेचार हजार रुपये झाले.

मग त्यांनी बसचा नकाशा उघडला. माझ्या हॉटेलचा पत्ता बघून बॅस्टील चौकापाशी गोल केला आणि तिथून जाणारी ६९ नंबरची रेघ पेनानं दोनदा गिरवली. मेट्रोच्या नकाशावर फक्त एका लाइनीवर टिक केली, १४. "बाकी मेट्रो तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. इंग्रजी मोडकं होतं, पण बोलणं स्वच्छ. तीन महिने मी ज्यांना फोन करत होते त्यांच्यापैकी कुणी हे एक वाक्य मला सांगितलं असतं तर!

इथे मला कबूल केलं पाहिजे की तो पास खिशात असूनही विमानतळावरून मी टॅक्सीनंच गेले. बॅग आणि कुबडी दोन्ही घेऊन गाडीत चढायचा धीर झाला नाही. टॅक्सीचे दर ठरलेले असतात, तेव्हा सीन नदीच्या उजव्या काठाला ५६ युरो होते, डाव्या काठाला ६५. बॅस्टील उजवीकडे. विमानतळाच्या गाडीचं तिकीट तेव्हा १३ युरो होतं, ते या पासात धरलेलं असतं. म्हणजे पासातला सर्वांत मोठा फायदा मी पहिल्याच तासात सोडून दिला. त्या रात्री हॉटेलात बसून हिशेब केला. बसचं सुटं तिकीट तेव्हा २ युरो होतं. पाच दिवसांत पंधरा-सोळा वेळा बसले नाही तर पास अंगाशी येणार. आणि मी दिवसातून दोनदा बाहेर पडणारी बाई.

दुसऱ्या दिवशी तो हिशेबच बदलला.

सकाळी ६९ च्या स्टॉपवर उभी होते. बस आली, थांबली, आणि फुस्स करून दाराची बाजू खाली बसली. उंट बसतो तशी. फुटपाथ आणि बसचा तळ यांच्यात वीतभरसुद्धा उंचीचा फरक उरला नाही. मी कुबडी आत टेकवली, पाय उचलला आणि आत होते. गळ्यातल्या पाकिटातून कार्ड न काढताच ते यंत्राला लावलं, टुंग वाजलं. ड्रायव्हरला 'बोंझूर' म्हटलं, त्यांनीही म्हटलं, आणि मी सीटवर बसेपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही. आरशात बघत होते.

हे वाचून काहींना वाटेल, यात काय एवढं. एक हात कुबडीला, एक हात दांड्याला. सुटे पैसे काढायला तिसरा हात कुठून आणायचा? आपल्याकडे बसच्या तिकिटात मला सवलत आहे, पण पहिली पायरी माझ्या गुडघ्याइतकी उंच, आणि मी ती चढेपर्यंत घंटी वाजलेली असते. पॅरिसमध्ये मला एका पैशाची सवलत मिळाली नाही, पण पायरीही नव्हती. मला निवडायला सांगितलं तर मी पूर्ण तिकीट काढीन.

त्या दिवशी मी सात वेळा बसमध्ये बसले. ६९ नंबर आयफेल टॉवरच्या पायथ्याशी शाँ द मार्सपासून सुटते, अँव्हालीदच्या समोरच्या मोठ्या मैदानावरून, सीन ओलांडून, लूव्ह्र संग्रहालय, ओतेल द व्हील म्हणजे नगरपालिकेची इमारत, बॅस्टील करत पेर लाशेझच्या दफनभूमीकडे जाते. मी वाटेल तिथे उतरले. एक स्टॉप गेले, उतरले, बाकावर बसले, पुढची बस पकडली. एका ठिकाणी समोर बेकरी दिसत होती, मध्ये चारशे पावलं असतील. सुट्या तिकिटावर चारशे पावलांसाठी दोन युरो घालताना माझा हात मागे आला असता. मी चालले असते, आणि संध्याकाळपर्यंत कॅलिपरच्या पट्ट्याखाली मांडी सोलली असती. पास होता म्हणून एका स्टॉपसाठी बसले. धडधाकट माणूस किती फेऱ्या झाल्या ते मोजतो. मी दिवसभराची पावलं मोजते. ती ठरावीक असतात, आणि संपली की संपली. ती वाचवून दाखवणारी वस्तू मला ३६ युरोंत मिळाली होती.

अँव्हालीदचा सोनेरी घुमट बसमधून दिसला. चौदाव्या लुईनं १६७० मध्ये लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी ही वास्तू बांधायचा हुकूम काढला. त्याच दिवशी बसमधल्या राखीव सीटजवळ एक जुनी पाटी दिसली, फोनवर तिचं भाषांतर केलं. सीटवर पहिला हक्क युद्धात जखमी झालेल्यांचा, मग अंध आणि कामावर अपंग झालेल्यांचा, मग गरोदर बायका आणि लहान मूल घेतलेल्यांचा. मी त्यात नेमकी कितव्या नंबरवर, हे शोधत असतानाच शेजारच्या आजोबांनी पाय आखडून घेतले आणि माझी कुबडी ठेवायला जागा केली.

पेर लाशेझच्या फाटकापर्यंत गेले आणि परतले. आत चढ आणि दगडी फरसबंदी, कुबडीचं रबर त्यावर टिकत नाही. लूव्ह्रमध्ये माझं आपल्याकडचं दिव्यांग कार्ड चाललं, प्रवेश फुकट. काचेच्या पिरॅमिडमध्ये गोल जिन्याच्या पोटातून एक उघडा खांब वर येतो, तीच लिफ्ट. तिच्यातून खाली जाताना आजूबाजूचे लोक माझे फोटो काढत होते. चित्रांबद्दल पुन्हा कधीतरी.

शुक्रवारी भाची आली. तिला कमी वेळात जास्त दाखवायचं होतं. "मावशी, मेट्रोनं दहा मिनिटं, बसनं पाऊण तास." मी १४ नंबरची लाइन म्हणाले, ती म्हणाली आपल्याला जायचंय तिथे १४ जात नाही. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. ती एवढ्या लांबून आली होती.

खाली उतरताना काय होतं ते लोकांना कळत नाही. सगळ्यांना वाटतं, चढणं अवघड. चढताना कठडा धरून चांगला पाय आधी टाकता येतो, पडलं तरी पुढे पडतो. उतरताना लॉक केलेला गुडघा वाकत नाही, पाय बाहेरून फिरवून खाली सोडावा लागतो आणि क्षणभर सगळं वजन हवेत असतं. त्या स्टेशनात मी सेहेचाळीस पायऱ्या मोजल्या. मग एक बोगदा. मग पुन्हा अठरा. मागून गाडीच्या वेळेचे लोक भराभर येत होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी फुटून जात होते. बाविसाव्या की तेविसाव्या पायरीवर कुबडी सटकली. कठडा हातात होता म्हणून वाचले. भाचीनं मला मागून कमरेला धरलं. तिचे हात थरथरत होते. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर ती बाकावर बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, तीन गाड्या गेल्या.

ही मेट्रो १९०० साली सुरू झाली. तेव्हा माझ्यासारख्यांचा विचार कुणी केला नाही, हे मी समजू शकते. १४ नंबरची लाइन १९९८ ची, तिच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे. फ्रान्समध्ये २००५ साली मोठा कायदा झाला, सार्वजनिक वाहतूक दहा वर्षांत सगळ्यांना वापरता येईल अशी करा म्हणून. पण जुन्या भुयारी मेट्रोला ही मुदत लावली नाही, त्याऐवजी पर्यायी वाहन द्या म्हटलं. शहरातल्या बसेस तेवढ्या खाली बसतात. मला त्या बसेसचं मनापासून कौतुक आहे. पण तीनशेहून जास्त स्टेशनांचं जाळं पायाखाली असताना, त्याचे पूर्ण पैसे भरून, मी त्यातली एक लाइन वापरायची, हे मला पटत नाही. फक्त बसचा पास काढा ना. मी आनंदानं घेईन.

शनिवारी भाचीनं तो गिरवलेला नकाशा माझ्याकडून मागून घेतला आणि सगळा दिवस बसवर बसवला. मोंमार्त्रच्या टेकडीवर दोनशे बावीस पायऱ्यांच्या शेजारून केबलवर चालणारा डबा वर जातो, तोही याच पासात येतो. वर गेलो, शहर पाहिलं, त्याच डब्यानं खाली आलो.

रविवारी रात्री जेवून निघालो. हॉटेल एकच स्टॉप लांब होतं आणि पासाचे शेवटचे दोन तास उरले होते. भाची म्हणाली, "मावशी, तू बसनं ये, मी चालते. बघू कोण आधी पोचतं." बस आली, खाली बसली, मी चढले, टुंग वाजलं. काचेतून ती दिसत होती, फुटपाथवरून भराभरा चालत, मध्येच माझ्याकडे हात हलवत. सिग्नलला आमची बस थांबली तेव्हा ती पुढे गेली, मग आम्ही तिला गाठलं. स्टॉपवर दार उघडलं तेव्हा ती धापा टाकत समोर उभी होती, हात पुढे करून. मी बोंझूरच्या जागी ड्रायव्हरला सवयीनं "येते हं" म्हणाले आणि उतरले.